सुकी

बस, अरमान भो.
खुर्चीवरचा पेपर खाली ठेव.
तुझं जहाज मी दोन रात्री बघितलं,
आधी चष्मा लावून, मग चष्मा काढून.

पहिलं नाव. सुकी.
पालच्या डोंगरातून उतरणारी,
चैत्रात नुसती गोट्यांची उरणारी आपली नदी.
वर्गातली पोरं हसली म्हणालास.
हसू दे. लढाऊ जहाजाला
याहून चांगला आशीर्वाद मला सुचत नाही.

नाळेची रेघ एका दमात ओढलीस,
मध्ये पेन्सिल उचलली नाहीस, दिसतं ते.
गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या रेघा ट्रेसिंग पेपरवर गिरवल्या;
अशी रेघ साहेबांनाही रोज जमायची नाही.
ती खोडू नकोस. काही झालं तरी.

आता तोफा.
सात आहेत. मोजल्या.
पुढच्या तिन्ही एकामागे एक, एकाच उंचीवर,
म्हणजे दुसरीचा गोळा पहिलीच्या पाठीत.
एक मागे ने, एक जरा वर चढव,
एक काढून टाक. कुठली, ते तू ठरव.

मनोरा देखणा आहे, पण फार जड.
घड भरला की केळीला आपण टेकू देतो,
समुद्रात टेकू कुठे रोवशील?
इंजिन, तेल, दारूगोळा, सगळं तळाशी ने.
घरी बादलीत तांब्या तरंगव,
आधी रिकामा, मग तळाला मूठभर वाळू घालून,
आणि काय होतं ते मला येऊन सांग.

दारापाशी उभा केलेला खलाशी
दाराच्या दीडपट आहे,
बिचारा लढाईभर रांगत जाईल.
कोपऱ्यात माप लिही,
एक सेंटीमीटर म्हणजे किती मीटर.

दोनशे दहा माणसं लिहिलीस.
स्वयंपाकघर?
संडास?
आणि एक आडवा छेद काढ,
केळं मधोमध कापल्यावर दिसतं तसा.
बाजूने जहाज सगळ्यांनाच येतं.

आणि ही खिडकी.
इंजिनाच्या खोलीला, पाण्याच्या रेघेखाली हातभर,
गजांची, दोन झडपांची, घरासारखी.
इथं मी फुली मारली होती.
काल विचारलं, ही कशाला?
तू चपलेकडे बघत म्हणालास,
आत माणसं असतात ना.

मग आठवलं, तुझे बाबा सावदा स्टेशनामागे
केळी पिकवायच्या खोल्यांत काम करतात.
दार लागलं की रबर बसतं,
बाहेर ऊन आहे की रात्र, कळत नाही.

मी कितीतरी इंजिनरूम गिरवल्या, भो.
खोलीचा क्रमांक, पत्र्याची जाडी, व्हॉल्व्हचा नंबर.
आत कोण उभं राहणार
ते नकाशावर लिहायची पद्धत नव्हती.
बाई, तुम्हाला काय वाटतं,
असंही कुणी विचारलं नव्हतं.

फुली खोडली आहे. डाग राहिलाय थोडा.
खिडकी तिथे चालायची नाही, सुकी ओली होईल.
पण त्या खोलीतून थेट डेकपर्यंत
एक उभा बोगदा काढ, हातभर रुंद, वर जाळी.
मध्ये दोन बाक दे, लाट सरळ आत नको यायला,
आणि बाकांवर आरसे बसव, तिरपे.
म्हणजे खाली तेल घालणाऱ्याला
मान वर केली की
पोळीएवढं आभाळ दिसेल.
खऱ्या जहाजात असं करतात का, माहीत नाही.
मी गिरवलेल्यांत तरी नव्हतं.

गुरुवारी ये. एचबी आणि टूएच,
दोन्ही पेन्सिली टोक करून.
आणि हा कागद आधी घरी दे.
बिल्टी आहे ती, पाठीमागे ट्रकचा हिशोब,
चौदा टन, दोनदा खोडून लिहिलेला.
बाबा शोधत असतील.