परतीचा रकाना

फहाहीलमध्ये, मासळीबाजाराच्या मागे,
तिसऱ्या मजल्यावर, आधी जिथं वॉशिंग मशीन होतं
तिथं आमचं ग्रंथालय.
दोन लोखंडी कपाटं, तीनशे अकरा पुस्तकं,
आणि एक रजिस्टर, त्याच्या पुठ्ठ्यावर अजून
बुडालेल्या एका सिमेंट कंपनीचं नाव.

प्रत्येक पुस्तक कुणाच्या तरी तीस किलोंतून आलेलं.
म्हणजे तेवढं कोकम कमी, तेवढे पापड कमी.
विश्राम घाडीनं दिवाळी अंकांपायी
आईनं बांधून दिलेले सुके बांगडे
विमानतळावर काढून ठेवले,
आणि वर्षभर फोनवर ऐकून घेतलं.

मग एका शुक्रवारी नचिकेत आला. नवा, हुशार.
म्हणाला, काका, काय घेऊन बसलात हे,
आणि तळहातावर ठेवलं
नखाएवढं कार्ड.
अकरा हजार पुस्तकं.
मी उचलून पाहिलं. वजनच लागेना.

महिन्याभरात सगळ्यांच्या फोनात अकरा हजार.
शुक्रवारची बेल बंद झाली.

मला कुणी सांगू नये की कॉम्प्युटर वाईट.
मी दिवसभर रिफायनरीत तेच करतो,
कुठला नकाशा चालू, कुठला रद्द,
मागितला की चार सेकंदांत हजर.
इथं ऑगस्टमध्ये एसी बसला
की पुस्तकांचा डिंक पाघळतो,
आणि वादळानंतर प्रत्येक प्रकरणात
चिमूटभर वाळू.

तरी त्या रिकाम्या शुक्रवारी
रजिस्टर काढून बसलो.
पुस्तक, नाव, नेलं, परत.
फ्लोरी डाबरे, नर्स: प्रवासवर्णनं,
तीही फक्त रात्रपाळीच्या आठवड्यात.
हुसैन परकार: एकच कादंबरी, सात वेळा.
विचारलं होतं मी. म्हणाला, पान एकशे चारवर
आमची खाडी आहे, तेवढीच वाचतो,
बाकीची माणसं उगाच भांडतात.

जुलै नव्वदच्या पानावर सहा नावं,
आणि परतीचा रकाना कोरा.
मी तेव्हा नव्हतो. सांगतात,
लुटणाऱ्यांनी फ्रिज नेला, पंखा नेला,
कपाटं उघडून पाहिली
आणि तशीच लोटून ठेवली.
त्र्याण्णवमध्ये प्रमिला ओगले परत आल्या,
पिशवीतून काढलं साडेचारशे पानांचं पुस्तक,
जॉर्डनच्या वाटेवर छावणीत उशाला घेतलेलं,
कडेला चहाचा डाग.
घरातलं सोनं राहिलं, दाखले राहिले,
हेच का उचललंत, विचारलं कुणीतरी.
बाई म्हणाल्या, लायब्ररीचं होतं ना.
मग पर्स उघडून
दंड किती झाला ते विचारलं.

मी बराच वेळ त्या नोंदीवर बोट ठेवून होतो.
त्या दिवशी खिशातलं माझं निवासी कार्डही पाहिलं.
त्याच्यावरही तारीख असते,
बारीक अक्षरात.

मग पेन घेतलं.
क्रमांक तीनशे बारा: कार्ड, एक, काळं.
देणगीदार नचिकेत.
मुदत दोन आठवडे.
पोरगा पोट धरून हसला,
काका, सगळ्यांकडे कॉपी आहे त्याची!
म्हटलं, असू दे. कॉपी तुमची.
हे लायब्ररीचं.
नेलं तर परत आणायचं.

पहिल्यांदा फ्लोरीनं नेलं, गंमत म्हणून.
वेळेवर आणलं, लिफाफ्यात घालून,
वर पेन्सिलीनं लिहिलं होतं,
नववा फोल्डर चांगला आहे, सोडू नका.
हुसैननं नेलं, चौथ्या दिवशी दारात:
ह्यात खाडी एकशे तीसवर गेलीय,
मला माझं पुस्तक द्या.
उभ्या उभ्या तासभर बोलला.
त्याच्यासाठी तिसरा कप काढावा लागला,
कारण दुसऱ्यात नचिकेत पीत होता.

सध्या कार्ड घाडीकडे.
मुदत गेल्या शुक्रवारी संपली.
आत्ताच फोन केला, जरा कडक आवाजात.
म्हणाला, निघालोच,
बांगडे तळतोय, तेवढे होऊ देत,
येताना घेऊन येतो.