भट्टीत निवू दिलेला तुकडा

अश्रफ होडेकरांनी शाफ्ट आणला गोणपाटात,
बांगड्याच्या वासासकट,
आणि मिरजोळ्याच्या आमच्या लॅबमध्ये टेबलावर ठेवला
आजारी माणसाला टेकवावं तसा.
जयगडच्या बाहेर तुटला म्हणाले, जाळं पाण्यात असताना.
नवा होता. बिल आहे.

मी चकती कापली, एमरीवर घासली,
मग मखमलीवर, आरशासारखी.
आरशात काहीच नव्हतं.
नायटलचा थेंब, आठ सेकंद,
आणि उमटले पट्टे: काळा, पांढरा, काळा.
होडेकरांनी डोळा लावला.
"ही तर ओहोटीची भाट्याची पुळण.
भेसळ कुणी केली?"

कुणीच नाही हो.
पोलाद ओतलं तेव्हा आधी गोठल्या
सुरूच्या फांद्यांसारख्या फांद्या;
मँगनीज मागे मागे सरकत
शेवटच्या ओल्या फटींत साचलं.
मग लाल ठोकळा रोलरांखाली गेला,
फांद्या चेपल्या,
डबक्यांचे ओहोळ झाले.
लाटल्याने पुसलं जात नाही काही,
लांब होतं फक्त, आणि बारीक.
बारीक झालं हेही बरंच:
कुणी बाराशे अंशांवर दिवस-रात्र ठेवलंच
तर मँगनीजला चालायला अंतर थोडं.
ठेवत नाही कुणी. गॅस फुकट येत नाही.

एक तुकडा मी नऊशेला तापवून
पंख्यासमोर निववला.
दुपारी पट्टे नव्हते. सगळं एकसारखं राखाडी.
"गेलं ना?" होडेकर पहिल्यांदा हसले.
तोच तुकडा पुन्हा तापवला,
भट्टी बंद केली, दार उघडलं नाही.
सकाळी सगळे पट्टे परत, आपापल्या जागी.

कार्बन तासाभरात कुठेही पोचतो.
मँगनीज हललंच नव्हतं;
घाईत त्याचं कुणी ऐकलं नव्हतं, एवढंच.

होडेकर बराच वेळ भिंगात वाकून राहिले.
"काजळीच्या तोंडाशी असंच," म्हणाले,
"गढूळ पाण्याची पट्टी दर्यात वेगळी धावते.
वाऱ्यात कळत नाही.
वारा पडला की दिसते."

रिपोर्टात मी खरं ते लिहिलं:
भेग सुरू झाली चावीच्या खाचेत,
कोपरा गोल न केलेल्या.
पट्टे आहेत; तुटण्याशी संबंध सिद्ध नाही.
त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली,
आणि विचारलं, मग पैसे कोण देणार,
खाच पाडणारा की ओतणारा?
तो रकाना आमच्या रिपोर्टात नाही.