बारावं मिनिट

दारखानच्या जुन्या बाजारात, तिसऱ्या गाळ्यात
मी कॉम्प्युटर उघडतो.
बाहेर उणे एकतीस.
आत प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर.
या गावाला थंडीची ददात नाही,
ती जिथे हवी तिथे पोचत नाही, इतकंच.

मिशीलने कॅबिनेट आणलं ते लोकरीच्या पांघरुणात गुंडाळून,
थंडीत जन्मलेलं कोकरू घरात आणावं तसं.
अकरा मिनिटांनी बंद पडतं, म्हणाली.
दहा नाही? बारा नाही?
अकरा. मोजलंय.

बाजूचा पत्रा काढला.
पाच पंखे. पाचही आत फुंकणारे.
बाबांनी बसवले.
बाबा कोळशाचा ट्रक चालवतात.
एकाने बरं वाटतं तर पाचांनी पाचपट बरं वाटेल,
चूक तरी कशी म्हणू?
ज्याने जन्मभर शेगडीच फुंकली
त्याच्या लेखी वारा म्हणजे आत घालायची गोष्ट.

पुढच्या जाळीवर काजळीचा नमदा,
त्यात गुंतलेले पांढरे केस, मूठभर.
मांजर आहे?
होतं.

मी जुनिपरची चिमूट पेटवली,
घर शुद्ध करायला जाळतात ती,
आणि धूर कॅबिनेटसमोर धरला.
तो आत गेला आणि मधोमध उभाच राहिला,
परक्या घरात पाहुणा राहतो तसा:
बस म्हणणारं कोणी नाही
आणि दारही सापडेना.

मग मागचा पंखा उलटा केला. चार स्क्रू.
वरचा उलटा केला. आणखी चार,
त्यातल्या एका झिजलेल्याने अख्खी दुपार खाल्ली.
केबलींचं जाळं मदरबोर्डच्या पाठीमागे नेलं,
हार्ड डिस्कचा रिकामा पिंजरा काढून टाकला.
थर्मल पेस्टचे खवले झालेले,
ते पुसून वाटाण्याएवढी नवी ठेवली.
तीन आत, दोन बाहेर.
आत येणारं थोडं जास्तच असावं,
मग धूळ फटींतून चोरपावलांनी येत नाही.

उन्हाळ्यात गेरचा नमदा खालून वीतभर उचलतात,
वरचं धुराडं उघडं असतं,
सगळी विद्या एवढीच.
हे मी मिशीलला सांगणार होतो,
पण ती चौथ्या मजल्यावर वाढलेली,
तिच्या घरी रेडिएटर आहे आणि न उघडणारी खिडकी.

पुन्हा धूर धरला.
या वेळी तो समोरून शिरला, तापल्या पत्र्यांमधून सरकला
आणि मागून निघून गेला,
घाई नसलेल्या पण पत्ता ठाऊक असलेल्या माणसासारखा.
एकसष्ट अंश.

अकरा मिनिटांत करतेस काय, मी विचारलं.
आई. सोलजवळच्या कारखान्यात डबे बंद करते.
रोज नऊला, जेवणाच्या सुट्टीत.
पहिल्या मिनिटाला कामाचं,
दहाव्याला निरोप,
मग बंद पडतं.
बसलंय आता आमचं.

तपासायला म्हणून माझ्याच टेबलावरून लावला फोन.
मी झाडू हातात घेतला, ऐकत नसल्यासारखा.
पैसे पोचले. बाबा सैनशांदला गेलेत. भूगोलात अठ्ठ्याहत्तर.
नवव्याला आईने मोजे घालायला सांगितलं,
दहाव्याला दोघींनी निरोप घेतला.
अकराव्याला दोघी थांबल्या,
अंधार व्हायची वाट बघत.

पडदा उजेडातच राहिला.
अजून आहेस? आई म्हणाली.
आहे.
तिकडे मागे कसलातरी पट्टा फिरत होता,
इकडे पाच पंखे.
आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
काही तरी बोलायला हवं म्हणून,
हसून, अगदी सहज विचारलं,
मांजर कसं आहे?

मिशीलने माझ्याकडे पाहिलं.
मी आकड्याकडे पाहिलं.
साठ अंश.
मशीन काही बंद पडेना.