अकरा घरांच्या किल्ल्या

आईशी कुणाचं पटत नाही.
ही तक्रार नव्हे. विट्याच्या स्टँडवरचा रिक्षावालासुद्धा म्हणतो,
"मालनकाकींकडं? मग कोपऱ्यावरच उतरा."

लग्नात अंतरपाटाआडून तिनं विचारलं म्हणे,
"गावात ऱ्हाणार, का गलाईला जाणार?"
भटजी थांबले. मुठीतल्या अक्षता घामेजल्या.
पलीकडून आलं, "ऱ्हाणार."
सतराव्या दिवशी आण्णा सेलमला गेले.
तो एक शब्द तिनं त्रेचाळीस वर्षं ठेवून घेतला,
शेजारणीचं उसनं पातेलं ठेवून घ्यावं तसा.

एकदाच गेली ती तिकडं.
खाली भट्टी, वर दहा बाय बाराची खोली.
तेजाबाचा पिवळा धूर जिन्यानं चढायचा
आणि वाळत घातलेल्या माझ्या दुपट्यांना भोकं पडायची.
पाचव्या महिन्यात मला काखेला मारलं
आणि कुणाला न सांगता गाडीत बसली.
मिरजेला उतरली तेव्हा शेवटची एसटी गेलेली.
रात्रभर फलाटावर.
"रडलीस का गं?" मी विचारलं होतं एकदा.
"रडत तू होतीस," म्हणाली. "दोघींनी कशाला?"

जत्रेला आण्णा यायचे, सोनं आणायचे.
त्यांच्यासमोरच ती कसोटीचा दगड घेऊन बसायची.
सोनं दरवर्षी खरं निघायचं.
तेच तिला जास्त लागायचं.

मला तिनं कुशीत घेतल्याचं आठवत नाही.
आठवतं ते हे: सातवीनंतर शाळा बस, असं चुलते म्हणाले,
तर भाकरी बांधून ती शाळेच्या पायरीवर जाऊन बसली.
मी आत, ती बाहेर. नऊ दिवस.
दहाव्या दिवशी म्हणाली, "आता तुझं तू बघ."
वेणी मात्र अशी ओढून घालायची
की अजून कानामागं दुखतं.

मग आण्णा आले, अँब्युलन्समधून, दोन रात्रींचा प्रवास करून.
बायका तिला धरायला सरसावल्या.
तिनं हात झटकले, पांढरी चादर सारखी केली
आणि हळू म्हणाली,
"आता ऱ्हावा."

हल्ली कानाचं यंत्र पिठाच्या डब्यात असतं.
दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेत नाही.
"एक केलाय न्हवं? जग काय दोनदा बघायचंय?"

गल्लीत अकरा बंगले.
संगमरवरी पायऱ्या, गच्चीवर सिमेंटचे गरुड,
मालक कोइमतूरला, विजयवाड्याला, कोचीनला.
प्रत्येकाशी तिचं भांडण: बांधावरून, नळावरून,
वीस वर्षांपूर्वी मेलेल्या एका म्हशीवरून.
आणि प्रत्येकाची किल्ली तिच्याच कनवटीला.
असं का, म्हणून मी एकाला फोनवर विचारलं.
"गोड बोलणाऱ्या बाईकडं कोण किल्ली देतंय?"

शनिवारी ती फेरीला निघते.
नळ सोडते, गंज जाऊन पाणी निवळेपर्यंत उभी राहते,
भिंतीवरच्या फोटोंना शिव्या घालते, दार ओढून घेते.
या खेपेला मी बरोबर गेले.
सातव्या घरात, जगन्नाथबापूंच्या,
ती प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यावर बसली. पाय जमिनीला टेकेनात.
मला म्हणाली, "कपाटातनं दोन कप काढ. चहापत्ती डब्यात हाय, मीच ठेवलीया."
"आपल्या घरी करू की."
"आपल्या घरात," म्हणाली, "मला कोण इच्यारतंय, च्या घेणार का म्हणून?"

मी विचारलं.
"नको," म्हणाली आधी, पाहुणीसारखी.
मग घेतला.

बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून पाहिलं
आणि पाठमोरीच बोलली,
"उद्या जायचं असलं तर आजच जा. चारची गाडी हाय.
उगं सवय नको."

मी चारची सोडली. साडेपाचचीही.
ती काही बोलली नाही.
रात्री पहिल्या घासाला एवढंच,
"आमटीत मीठ तूच टाकलंस न्हवं? जास्त झालंय."

जास्त झालं नव्हतं.