गुरुवार, साडेसात

साडेसात म्हणजे पावणेआठ,
हे वेंगुर्ल्यात कुणाला सांगावं लागत नाही.
बर्फाच्या कारखान्यावर, वरच्या मजल्याला आमची खोली:
एकवीस खुर्च्या, एक घंटा,
माजी अध्यक्षांच्या नावांची पाटी,
तिच्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका,
आणि खालून मशिनची अखंड घरघर,
म्हणून ठराव जरा ओरडूनच मांडावे लागतात.

मी सचिव. लागोपाठ सहावं वर्ष.
दुसरं कुणी हात वर करत नाही
आणि माझं अक्षर बरं आहे म्हणे.

दंडाचा डबा इनास फर्नांडिसकडे.
बिस्किटांचा, निळा, झाकणाला फट पाडलेला.
बॅज विसरला, दहा रुपये.
मोबाइल वाजला, वीस.
भजी आल्यावर पाहुण्या वक्त्याकडे पाठ फिरवली, दहा.
शौकत मुकादमला नातू झाला
तेव्हा शंभर: "आनंद लपयलंस!"
आणि ज्या दिवशी कुणाचंच काही चुकलं नाही
त्या दिवशी सगळ्यांना पाच-पाच,
"तुमी कधीपासून येवढे शाणे झालास?"

त्या डब्यातून, बारा वर्षांपूर्वी,
आम्ही एक खाट घेतली.
लोखंडी. पायाशी हँडल,
फिरवलं की माणूस उठून बसतो.

तिची वेगळी वही आहे.
उभादांड्याच्या जयवंती तांडेल, सात महिने.
आरोलकर मास्तर, एकोणीस दिवस.
दाभोलीचा तो पोरगा, माडावरून पडलेला,
खाट परत द्यायला स्वतः आला, टेम्पोत पुढे बसून,
मांडीवर दोन शहाळी.
बाकीच्यांच्या घरची माणसं आली.
मी 'परत' च्या रकान्यात फक्त तारीख लिहिते.

दर वेळी मोरेश्वर रेडकर ती पुसून काढतो,
हँडलला खोबरेल घालतो
आणि म्हणतो, मशिनचं तेल संपलंय.
बारा वर्षं संपलेलंच आहे.

मागच्या गुरुवारी इनासच्या खुर्चीवर नुसता डबा होता.
सोमवारी पहाटे, नळावर बादली भरताना
त्याचा उजवा हात गेला,
आणि बोलणं.

इतिवृत्तात त्या दिवशीचा ठराव नाही.
अध्यक्ष घंटेकडे बघत राहिले, वाजवली नाही.
शौकतने टेम्पो काढला,
त्यात सकाळच्या सुरमईचा वास.
नऊ माणसं, एक खाट,
आणि कॅम्पातल्या त्या घराचा जिना, एवढासा.
"डावीकडे घे." "कुणाच्या डावीकडे?"
रेडकरचं बोट चिमटलं.
वालावलकर वकिलांची एक चप्पल वळणावरच राहिली.
भिंतीवरचा सेंट अँथनी डुलला,
मुकादमने खांद्याने सावरला.

त्याला निजवलं. हँडल फिरवलं,
इनास हळूहळू वर आला,
आणि आम्ही नऊ जण त्याच्यासमोर,
घामाघूम, माशांच्या वासाचे.
फिलोमेना आतून कप आणत होती, तीन एका जातीचे,
बाकी जसे मिळतील तसे.
कुणाला बोलायचं सुचेना
म्हणून मी वही उघडली, डबा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला
आणि वाचलं: हजर, नऊ.

डबा वाजला.

मी वर बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता,
त्याच त्या नजरेने.
मी नऊ खोडले, दहा केले
आणि दहा रुपये घातले. चुकीची नोंद.

मग तो एकेकाच्या छातीवर नजर फिरवत गेला.
बॅज कुणालाच नव्हता.
डबा वाजत राहिला, थांबून थांबून,
प्रत्येकासाठी वेगळा.
मुकादमने पन्नासची नोट घातली
आणि सुटे मागितले नाहीत,
हे आमच्या क्लबात पहिल्यांदाच घडलं.

खाटेच्या वहीत 'नेली' खाली तारीख टाकली.
'परत' चा रकाना
मी कप ठेवून झाकला.

पुढील सभा: गुरुवार, साडेसात, फर्नांडिस यांच्या घरी.
जिना अरुंद आहे, एकेकाने चढावे.
भजी वकील आणतील.
बॅज आठवणीने विसरावेत.