बद्द

खांबावर हातोडीचा दांडा मारला की कळतं मला.
टणटण वाजलं तर पुढे जायचं,
बद्द वाजलं तर खडूने फुली.
बावीस वर्षं हेच करतोय, शिवडीपासून सायनपर्यंत,
लोकांच्या गॅलऱ्या, जिने, टाक्यांखालचे स्लॅब.
घरातली नऊ वर्षांची मात्र
रोज माझ्या दंडाला लोंबकळायची
आणि मला कधी काही ऐकू आलं नाही.

बिल्डिंगमागे लगोरी चालली होती, पार्किंगच्या पट्ट्यांमध्ये.
शमिकाने हात मागे नेला, चेंडू फेकला.
चेंडू लांब गेला.
हात तिथेच राहिला.
पडली नाही, धडकली नाही, कुणी ढकललं नाही.
पोरं शपथा घेत होती, मी ओरडत होतो,
एवढ्याने हाड मोडतं का कुणाचं?

डॉक्टर मिस्किटांनी फिल्म उजेडावर लावली.
वसईची बाई, मराठी माझ्याहून स्वच्छ.
खांद्याखाली, हाडाच्या आत, एक काळसर खोली,
भिंती अंड्याच्या टरफलाएवढ्या,
आणि तळाशी एक कपचा, तिरका.
"भिंतीचा तुकडा तुटून खाली बसलाय.
आम्ही याला पडलेलं पान म्हणतो.
तळाला गेलं, म्हणजे आत पाणी आहे.
घट्ट गाठ असती तर वरच अडकलं असतं."

"ट्यूमर?" बायकोने विचारलं. तेही परळमध्ये बसून.
"त्याच खात्यात मोडतं. पण साधं आहे.
पसरत नाही, जिवावर येत नाही.
हाडातली पाण्याची पिशवी समजा."
पिशवीपर्यंत ती पोचलीच नव्हती.
"टाटाला न्यायचं का?" तिने दोनदा विचारलं,
आणि शमिकाला वाटलं, निघायची वेळ झाली.
तिने डाव्या हाताने डॉक्टरांना टाटा केला.

मी विचारलं ते धंद्यातलं होतं:
ग्राउटिंग करतात का?
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, जवळपास तेच.
आधी मोड जुळू दे, हात झोळीत, सहा आठवडे.
कधीकधी मोडण्यानेच पोकळी भरायला लागते.
नाही भरली तर सुई घालू, पाणी काढू, औषध सोडू,
एकदा, दोनदा, कदाचित तीनदा.
हाडाचा चुरा भरायचं त्यानंतर बघू.
तुकडा काढून तपासायला? आज नको. चित्र पुरेसं बोलतंय.
घाई नाही.

घाई नाही, हे मी आजवर
एकाही सोसायटीला सांगितलेलं नाही.
आम्ही टेकू लावतो, नोटीस चिकटवतो,
सामान हलवा म्हणतो.

मग त्यांनी वाढीची रेष दाखवली, वरच्या टोकाला,
पोकळीला अगदी खेटून.
"नवीन हाड इथे तयार होतं.
ही उंच होत जाईल आणि पोकळी मागे पडत जाईल."
भोईवाड्यापर्यंत मी ते वाक्य घोळवत आलो.
माझ्या खांबांना हे जमत नाही.

ऑगस्टात सुई झाली. सिरिंजमध्ये पाणी आलं, फिकट,
उसाच्या रसात बर्फ वितळल्यावर तळाला उरतं तसं.
बायकोने ते बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

आता खिडकीच्या काचेला तीन फिल्म चिकटवलेल्या:
मे, ऑगस्ट, नोव्हेंबर.
काळ्या खोलीत धुकं भरतंय, कोळ्याने जाळं धरावं तसं,
एक कोपरा अजून रिकामा.
त्या कोपऱ्यातून शमिका समोरच्या टॉवरचे दिवे मोजते.

लगोरीला बंदी. कॅरमला नाही.
रात्री ती झोपली की माझं बोट आपोआप वाकतं,
तिच्या खांद्यापाशी जातं, थांबतं.
काल ती जागी होती.
"वाजवा ना," म्हणाली. मी हात मागे घेतला,
तर तिनेच माझ्या टकलावर टिचकी मारली, कान लावला.
"बद्द," म्हणाली, आणि कूस बदलली.

पुढची तारीख फेब्रुवारीतली.
जुन्या सगळ्या फिल्म सोबत आणणे.