माया

फलकावरचं ‘ग्राम’ खरवडून ‘नगर’ रंगवलंय.
ऊन चढलं की खालचा ‘ग्रा’ अजून दिसतो.

चिन्ह मागितलं शिलाई मशीन,
मिळाली शिट्टी.
कोराडीची राख उडते तशी
पोरं गल्लीभर माझा प्रचार करतात,
दुपारच्या झोपेपायी चार मतं गेली म्हणे.

हौसाबाई लांजेवार म्हणाली,
“मत तं देतो वं, पण आंधी माहा ब्लाउज दे.
तेरवीले पायजे होता, आता बारसं आलं.”

हात जोडते
अन् नजर आपोआप खांद्यांवर जाते:
छत्तीस, अडतीस, डावा उतरता.
सगळ्या वार्डांची मापं माझ्या वहीत,
पुरुषांची तेवढी नाहीत.

निमजेकाका विचारतात, “घरटॅक्स वाढन काय?”
मी म्हणते, वाढन.
मागून कोणीतरी पदर ओढतं.

परवा तहसीलात नकाशा पाहिला.
कोणी कापला कोण जाणे,
कडेला बोटभर माया सोडली नाही.
स्मशानघाट शेजारच्या गावात गेला.
उद्या अंग भरलं
तर उसवायचं कुठून?

रात्री हौसाबाईचा ब्लाउज घेतला.
काखेत दोन बोटं जास्तच ठेवली.
शिट्टी ड्रॉवरमध्ये,
बॉबिनांजवळ.